कार्बनवर किंमत लागली तेव्हा पेन्शनरांना काय मिळालं? ऑस्ट्रेलियातल्या एनर्जी सप्लिमेंटविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिडनी-मेलबर्नमधल्या मराठी ज्येष्ठांपैकी अनेकजण आता एज पेन्शनवर, म्हणजे सरकारी वृद्धापकाळ पेन्शनवर आहेत. त्यांच्या पेन्शनच्या तपशिलात मूळ रकमेखाली एक छोटी ओळ असते : एनर्जी सप्लिमेंट. ती कशाबद्दल मिळते, कोणी सुरू केली, वाढत का नाही, पुण्याला चार महिने गेलं की गायब का होते, हे प्रश्न सारखे येतात. ज्येष्ठांना कागदपत्रांत मदत करताना दिलेली उत्तरं इथे एकत्र केली आहेत. भारतातल्या वाचकांनाही यात रस वाटावा, कारण प्रदूषणावर किंमत लावताना म्हाताऱ्या माणसांचं काय करायचं, हा प्रश्न आपल्याकडेही आहे.

एनर्जी सप्लिमेंट ही ओळ आली कुठून?

२०१२ च्या कार्बन किमतीतून. तेव्हाच्या पंतप्रधान ज्युलिया गिलार्ड यांच्या सरकारने १० जुलै २०११ रोजी योजना जाहीर केली, त्याच वर्षी नोव्हेंबरात सिनेटने कायदा मंजूर केला आणि १ जुलै २०१२ पासून मोठ्या प्रदूषकांना प्रत्येक टन कार्बनमागे २३ डॉलर भरावे लागले (या लेखातले डॉलर सगळीकडे ऑस्ट्रेलियन आहेत). पुढच्या वर्षी हा दर २४.१५ डॉलर झाला. वीज आणि वस्तू महागणार हे उघड होतं, म्हणून पेन्शनमध्ये कायमची वाढ देण्यात आली. तिचं तेव्हाचं नाव क्लीन एनर्जी सप्लिमेंट. कार्बन किंमत २०१४ मध्ये रद्द झाली, नावातला 'क्लीन' गेला, पण पैसे राहिले.

हा कर पेन्शनरांना भरावा लागत होता का?

नाही. तो भरणारे होते वीजनिर्मिती केंद्रं, खाणी, पोलाद आणि सिमेंटचे कारखाने, मोठे कचरा डेपो. देशातल्या साधारण ६० टक्के उत्सर्जनावर ही किंमत लागू होती. शेती त्यातून वगळली होती आणि घरच्या गाडीत भरायचं पेट्रोलही. आठवड्यातून दोनदा देवळात आणि एकदा डॉक्टरकडे गाडी नेणाऱ्या आजोबांना पंपावर काही फरक पडणार नव्हता.

झळ लागायची ती बिलांतून. कोळशावर चालणारं वीज केंद्र कार्बनचा खर्च विजेच्या दरात घालणार, आणि ती वीज वापरणारे बेकरीवाले, दूधवाले, शीतगृहवाले थोडा थोडा आपल्या मालात. सरकारी तिजोरी खात्याच्या अंदाजाने सरासरी कुटुंबाचा खर्च आठवड्याला ९.९० डॉलरने वाढणार होता. त्यात वीज ३.३० डॉलर, गॅस १.५० डॉलर आणि खाण्यापिण्याचा खर्च एका डॉलरहूनही कमी. एकूण महागाईत भर पडणार होती ०.७ टक्क्यांची.

पेन्शनरांना नेमकं किती मिळालं?

पहिल्या वर्षासाठी कमाल मदत अशी ठरली : एकट्या पेन्शनरला वर्षाला ३३८ डॉलर, जोडप्याला मिळून ५१०. एज पेन्शनबरोबरच अपंगत्वाची पेन्शन, केअरर पेमेंट (आजारी माणसाची काळजी घेणाऱ्यांचा भत्ता) आणि माजी सैनिकांची पेन्शन घेणाऱ्यांनाही हेच. एकूण तीस लाखांहून जास्त माणसं.

रक्कम दोन टप्प्यांत आली. मे-जून २०१२ मध्ये, म्हणजे कार्बन किंमत लागू होण्याच्या आधीच, एकरकमी आगाऊ पैसे खात्यात जमा झाले. एकट्याला २५० डॉलर आणि जोडप्यातल्या प्रत्येकाला १९०. हा जुलै २०१२ ते मार्च २०१३ या नऊ महिन्यांचा हिशेब होता. २० मार्च २०१३ पासून सप्लिमेंट दर पंधरवड्याच्या पेन्शनला जोडली गेली : एकट्याला १३.५० डॉलर, जोडप्यातल्या प्रत्येकाला १०.२०.

अर्ज करावा लागला का?

नाही, आणि माझ्या मते योजनेतली ही सर्वांत चांगली गोष्ट. सेंटरलिंककडे, म्हणजे पेन्शन आणि सरकारी भत्ते देणाऱ्या कार्यालयाकडे, पेन्शनरांची नावं आणि बँक खाती होतीच. ऐंशी वर्षांच्या बाईला रांगेत उभं राहावं लागलं नाही, फॉर्म भरावा लागला नाही, वीजबिलाची झेरॉक्स जोडावी लागली नाही. वृद्धांसाठीच्या किती योजना अर्जाच्या पायरीवर अडतात, हे ज्यांनी आपल्या आईवडिलांसाठी कागद गोळा केले आहेत त्यांना सांगायला नको. ज्याला इंग्रजी नीट वाचता येत नाही, मुलगा दुसऱ्या शहरात आहे, त्याच्याच हातून अर्ज सुटतो आणि गरजही त्यालाच जास्त असते.

महागाई ०.७ टक्के वाढणार होती, मग पेन्शन १.७ टक्के का वाढवली?

हा प्रश्न तेव्हा विरोधकांनीही विचारला होता. उत्तराचे दोन भाग आहेत.

पहिला हिशेबाचा. पेन्शन दर मार्च आणि सप्टेंबरच्या २० तारखेला महागाईप्रमाणे वाढतच असते. कार्बनमुळे वाढलेली ०.७ टक्के महागाई त्या वाढीत पुढेमागे आलीच असती. ती सरकारने आधी देऊन टाकली आणि नंतरच्या वाढीत पुन्हा मोजली जाणार नाही अशी तजवीज केली. म्हणजे १.७ पैकी ०.७ टक्के हे आधी हातात ठेवलेले पैसे, खरी जादा वाढ एक टक्क्याची.

दुसरा भाग न्यायाचा. सरासरी कुटुंब आणि पेन्शनरचं घर यांत फरक असतो. नोकरदार माणूस दिवसभर ऑफिसच्या हीटरमध्ये बसतो. म्हातारी माणसं दिवसभर घरात असतात, त्यांना थंडी जास्त वाजते आणि उन्हाळ्यात ४० अंशांच्या दुपारी पंख्यावर भागवणं त्यांच्या जिवावर बेतू शकतं. फ्रिज जुना, घराच्या भिंतीतून वारा येतो, आणि नवा फ्रिज किंवा इन्सुलेशनसाठी हातात पैसा नाही. मिळकतीतला जास्त हिस्सा विजेवर जातो तो अशा घरांत. म्हणून सरकारने ठरवलं की केवळ पेन्शनवर जगणाऱ्या प्रत्येक ज्येष्ठाला अपेक्षित सरासरी खर्चापेक्षा निदान २० टक्के जास्त मिळालं पाहिजे. सरासरीच्या आकड्यावर मदत बेतली की सरासरीच्या वर असलेली माणसं उघडी पडतात, आणि हे २० टक्के त्यांच्यासाठी होते. काहीजण याला खैरात म्हणाले. मला ती तेव्हाही योग्य वाटली होती आणि आजही वाटते.

वीज कमी वापरली तर सप्लिमेंट कमी होते का?

नाही. या योजनेतला सगळ्यांत महत्त्वाचा मुद्दा हाच, म्हणून जरा सविस्तर.

सप्लिमेंट तुमच्या पेन्शनला जोडलेली आहे, वीजबिलाला नाही. बिल २०० डॉलरचं येवो की ५०० चं, पंधरवड्याची रक्कम तीच. हीटर एका खोलीपुरता चालवून बिल कमी केलं, तर वाचलेले पैसे तुमचे. दुसरीकडे, विजेचा दर वाढलेलाच राहतो, त्यामुळे काटकसर करण्याचं कारणही शिल्लक राहतं. कार्बन किमतीचा सगळा उद्देश दर वाढवून वापराची सवय बदलण्याचा होता. सरकारने वीजच स्वस्त करून दिली असती तर तो उद्देश तिथेच संपला असता आणि सगळ्यांत मोठी सवलत सगळ्यांत मोठ्या घराला मिळाली असती.

अलीकडची उलट पद्धत पाहा. २०२४-२५ मध्ये केंद्र सरकारने प्रत्येक घराच्या वीजबिलातून ३०० डॉलर वजा केले, तिमाहीला ७५ याप्रमाणे. ज्यांना गरज होती त्यांना ते उपयोगी पडले, यात शंका नाही. पण स्विमिंग पूलवाल्या बंगल्यालाही तेवढेच मिळाले आणि पेन्शनरलाही, आणि योजना संपली की पैसेही संपले. पेन्शनमध्ये मिसळलेली रक्कम दरवर्षी मंजुरीसाठी कोणाच्या दारात जात नाही.

पण तेव्हा बिल त्याहून खूप जास्त वाढलं होतं. सगळं भरून निघालं नाही, खरं ना?

बिल जास्त वाढलं हे खरं. जुलै ते सप्टेंबर २०१२ या तिमाहीत देशभरात वीज १५.३ टक्क्यांनी महागली. कार्बन किमतीमुळे होणारी वाढ सुमारे १० टक्क्यांची अपेक्षित होती. उरलेल्या वाढीचं मोठं कारण खांब आणि तारांच्या जाळ्यावर वीज कंपन्यांनी केलेला अवाढव्य खर्च. ती दरवाढ कार्बनच्या कित्येक वर्षं आधी सुरू झाली होती आणि तिच्यासाठी पेन्शनरांना वेगळी भरपाई दिली गेली नाही.

बिल हातात आल्यावर एवढा फरक कोण करणार? आकडा एकच दिसतो आणि टीव्हीवर त्याचं कारणही एकच ऐकू येत होतं. अनेक ज्येष्ठांचा असा समज झाला की कार्बनने बिल वाढवलं आणि सरकारने तुटपुंजी भरपाई दिली. आगाऊ रक्कम जूनमध्ये आली आणि वाढीव बिल सप्टेंबर-ऑक्टोबरात. तोवर ते २५० डॉलर कुठे खर्च झाले हे कोणाला आठवणार? पैसे आधी देणं माणुसकीचं होतं, पण त्यामुळेच त्यांचा बिलाशी असलेला संबंध लोकांच्या लक्षात राहिला नाही.

पेन्शन न मिळणाऱ्या निवृत्तांना काही मिळालं का?

ज्यांच्याकडे कॉमनवेल्थ सीनियर्स हेल्थ कार्ड होतं, त्यांना पेन्शनरांइतकीच मदत मिळाली. हे कार्ड पेन्शनच्या वयाच्या, पण मालमत्तेमुळे किंवा उत्पन्नामुळे पेन्शन न मिळणाऱ्या माणसांसाठी आहे. त्या काळी त्याची उत्पन्नमर्यादा एकट्याला ५०,००० डॉलर आणि जोडप्याला ८०,००० डॉलर होती. शिवाय १ जुलै २०१२ पासून करमुक्त उत्पन्नाची मर्यादा ६,००० वरून १८,२०० डॉलर झाली, त्याचा फायदा ठेवींच्या व्याजावर जगणाऱ्यांनाही झाला.

या गटात नव्याने येणाऱ्यांची सप्लिमेंट मात्र नंतर बंद झाली. २० सप्टेंबर २०१६ पासून ज्यांना हे कार्ड नव्याने मिळालं, त्यांना ती मार्च २०१७ नंतर मिळत नाही. आधीपासूनच्या कार्डधारकांची चालू राहिली. त्यामुळे एकाच घरात थोरल्या भावाला मिळते आणि धाकट्याला नाही, असं होऊ शकतं. चूक तुमच्या कागदपत्रांची नसते.

घरात ऑक्सिजनचं किंवा दुसरं वैद्यकीय यंत्र चालतं. त्यासाठी वेगळी मदत आहे का?

आहे, आणि आजही चालू आहे. ती अनेकांना माहीत नसते म्हणून आवर्जून सांगतो. नाव आहे एसेन्शियल मेडिकल इक्विपमेंट पेमेंट. १ जुलै २०१२ ला सुरू झाली तेव्हा वर्षाला १४० डॉलर होती आणि महागाईप्रमाणे वाढत गेली आहे. घरातलं डायलिसिस, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, झोपेत श्वासासाठी लावायचं यंत्र, रोज लागणारा नेब्युलायझर, विजेवर चालणारी व्हीलचेअर अशा यंत्रांसाठी ती मिळते. आजारामुळे घर ठरावीक तापमानात ठेवावं लागत असेल तर त्यासाठीही. यंत्रं दोन असतील तर दोन्हींसाठी मागता येते.

फक्त इथे अर्ज करावा लागतो, सवलतीचं कार्ड असावं लागतं आणि डॉक्टरांचा दाखला जोडावा लागतो. काळजी घेणाऱ्या मुलाला किंवा सुनेलाही अर्ज करता येतो, पण ते त्याच घरात राहत असले पाहिजेत आणि बिलाला हातभार लावत असले पाहिजेत.

एज्ड केअर होममध्ये (वृद्धाश्रमात) राहणाऱ्यांचं काय?

सप्लिमेंट त्यांनाही मिळते. पण तिथल्या संस्थांचा वीजखर्चही वाढणार होता, म्हणून रोजच्या मूळ शुल्काची कमाल मर्यादा एकट्याच्या मूळ पेन्शनच्या ८४ टक्क्यांवरून ८५ टक्के करण्यात आली. वाढीव मदतीतला काही भाग संस्थेकडे गेला, उरलेला रहिवाशाकडे राहिला.

व्हिक्टोरिया राज्यात (मेलबर्न इथेच) वीजबिलावर १७.५ टक्के सवलत आहे, मग पहिले १७१.६० डॉलर का वगळतात?

या सवलतीचा हिशेब करताना वर्षाच्या बिलातले पहिले १७१.६० डॉलर बाजूला ठेवतात आणि उरलेल्यावर १७.५ टक्के सूट देतात. ही अट २०१२ मध्ये आली. राज्य सरकारचं म्हणणं होतं की पेन्शनरांना केंद्राकडून कार्बनची भरपाई मिळते आहे, तर त्याच वाढीव खर्चावर राज्याने आणखी सूट का द्यावी.

म्हणजे केंद्राने एका हाताने दिलेल्यातले वर्षाला सुमारे ३० डॉलर राज्याने दुसऱ्या हाताने काढून घेतले. कार्बन किंमत गेली, विजेचे दर काही काळ उतरले, पण १७१.६० ची अट तशीच राहिली. रक्कम लहान आहे. तरी ज्या कारणासाठी अट घातली ते कारण उरलं नसताना ती ठेवणं मला पटत नाही. या विषयावर आपल्या भागातल्या आमदाराला पत्र लिहायचं असेल तर मुद्दा अगदी सरळ आहे.

कार्बन किंमत रद्द झाली तेव्हा हे पैसे परत का घेतले नाहीत?

तेव्हाचे विरोधी पक्षनेते टोनी ॲबट 'कर काढून टाकू' या एका घोषणेवर २०१३ ची निवडणूक जिंकले. १७ जुलै २०१४ रोजी सिनेटने तो रद्द केला, तोही १ जुलैपासून मागील तारखेने. पुढच्या तिमाहीत वीज ५.१ टक्क्यांनी स्वस्त झाली. पण त्याच ॲबट यांनी निवडणुकीआधीच कबूल केलं होतं की पेन्शनमधली वाढ ठेवू. तीस लाखांहून अधिक पेन्शनरांच्या खात्यात पंधरवड्याला येणारी रक्कम काढून घेण्याची हिंमत कोणत्याही पक्षाला झाली नाही.

मी यातून एवढं घेतो की भरपाई कराच्या कायद्यात न ठेवता पेन्शनच्या कायद्यात ठेवली, म्हणून ती वाचली. कर दोन वर्षं टिकला. भरपाईला दशक उलटून गेलं.

मग ती वाढत का नाही? इतकी वर्षं १४.१० डॉलरच का?

कारण २०१४ च्या अर्थसंकल्पात तिची महागाईशी असलेली सांगड तोडली. तेव्हापासून एकट्याला पंधरवड्याला १४.१० डॉलर आणि जोडप्यातल्या प्रत्येकाला १०.६० डॉलर, म्हणजे वर्षाला अनुक्रमे ३६६.६० आणि दोघांना मिळून ५५१.२०. मूळ पेन्शन मार्च-सप्टेंबरला वाढते, ही रक्कम गोठलेली राहते. थेट बंद करायची सोय नव्हती म्हणून तिला हळूहळू झिजू दिलं, असंच याला म्हणावं लागेल. २०१४ मध्ये १४.१० डॉलरमध्ये जे घरात येत होतं, ते आज येत नाही.

नव्याने पेन्शन सुरू झाली तर सप्लिमेंट मिळते का?

हो. एज पेन्शनसाठी ती नव्या लोकांनाही मिळते. बंद झाली ती वर सांगितलेल्या सीनियर्स हेल्थ कार्डासाठी आणि कुटुंबभत्त्याच्या नव्या लाभार्थ्यांसाठी. पेन्शनचं वय आता ६७ आहे आणि साधारणपणे दहा वर्षांचं वास्तव्य लागतं. मुलांनी पेरेंट व्हिसावर बोलावलेल्या आईवडिलांनी ही दहा वर्षं लक्षात ठेवावीत. तोवर सप्लिमेंटचा प्रश्नच येत नाही.

आम्ही दर हिवाळ्यात पुण्याला जातो. तेव्हा ती थांबते का?

सहा आठवड्यांपर्यंत थांबत नाही. त्याहून जास्त काळ देशाबाहेर राहिलात तर एनर्जी सप्लिमेंट बंद होते आणि पेन्शन सप्लिमेंट नावाचा दुसरा भत्ताही कमी होतो. परत आल्यावर दोन्ही पुन्हा चालू होतात. कारण उघड आहे : ही रक्कम इथल्या विजेच्या खर्चासाठी आहे. दिवाळीला जाऊन होळी करून परतणाऱ्यांच्या पंधरवड्याच्या रकमेत फरक दिसतो तो यामुळे, दंड म्हणून नव्हे.

२६ आठवड्यांहून जास्त राहिलात तर मूळ पेन्शनही बदलू शकते. १६ व्या वर्षापासून पेन्शनच्या वयापर्यंत ऑस्ट्रेलियात ३५ वर्षं काढलेली नसतील, तर ती वास्तव्याच्या प्रमाणात मोजतात. आपल्यातले बरेचजण तिशी-चाळिशीत आलेले, त्यामुळे हा नियम आपल्याला लागतोच. तिकीट काढण्याआधी सेंटरलिंकला प्रवासाच्या तारखा कळवा.

भारतात असं काही आहे का?

कार्बनच्या नावाने नाही. पण कोळशावर उपकर होता. २०१० मध्ये टनाला ५० रुपये, वाढत वाढत २०१६ मध्ये ४०० रुपये. महाराष्ट्रातली बरीचशी वीज कोळशाची, चंद्रपूर, कोराडी, खापरखेड्याची, म्हणजे तो खर्च शेवटी घरगुती दरातच उतरणार. पैसा आधी स्वच्छ ऊर्जा निधीत जमा होत होता, त्यातला मोठा भाग खर्चच झाला नाही, आणि २०१७ पासून तो राज्यांच्या जीएसटी भरपाईकडे वळला. वृद्धांसाठी त्यातून काही वेगळं काढलं गेलं नाही. केंद्राच्या वृद्धापकाळ निवृत्तिवेतनातला वाटा ६० ते ७९ वयासाठी महिना २०० रुपयेच राहिला. महाराष्ट्र श्रावणबाळ योजनेत आपली भर घालून १,५०० रुपये देतो, पण विजेच्या दराशी त्याचा काही संबंध नाही.

आता भारतात उद्योगांसाठी कार्बन क्रेडिटचा बाजार उभा राहतो आहे. त्याचा खर्च कधी ना कधी सिमेंटच्या पोत्यातून आणि इतर वस्तूंतून घराघरांत येईल. तेव्हा श्रावणबाळच्या यादीतली नावं आणि बँक खाती सरकारकडे आधीच असतील. वाढ त्या खात्यांत, आगाऊ, अर्जाशिवाय आणि महागाईशी बांधून जमा करावी, ही मागणी बाजार पूर्ण उभा राहण्याआधीच लावून धरायला हवी.

सप्लिमेंट तिमाहीला एकदम घेता येते का?

येते. वीजबिल तिमाहीला येत असेल तर काहींना तेच सोयीचं पडतं. सेंटरलिंकला एकदा सांगितलं की पुरतं, आणि नंतर पुन्हा पंधरवड्यावर येता येतं.